ओठावर पारखलेले मणी

माझ्या बोटांना गुळगुळीत आणि खरखरीत यातला फरक कळत नाही. पॉलिशचं काम करणाऱ्याने असं सांगणं म्हणजे आचाऱ्याने आपल्या जिभेला चव नाही म्हणण्यासारखं आहे, पण खोटं कशाला बोला. वागळे इस्टेटमधल्या एका नळ बनवणाऱ्या कारखान्यात मी बफिंगला होतो. पितळेचा नळ फिरत्या कापडी चाकावर दाबून धरायचा. चाक त्याला घासून लख्ख करतं आणि नळाबरोबर धरणाऱ्याची बोटंही घासून निघतात. नळ लोकांच्या न्हाणीघरात जातात, बोटं आपल्याकडे राहतात. आज रेशनच्या दुकानात अंगठा लावला की मशीन मला ओळख दाखवत नाही. दुकानातली मुलगी म्हणते, "काका, दुसरं बोट लावा." मी एकेक करून सगळी लावतो. शेवटी ती कंटाळून डोळ्यांचं मशीन पुढे करते.

कारखाना राज्याबाहेर गेला आणि मी आंबिवलीला घरी बसलो. थोडे दिवस टीव्ही पाहिला, बिल्डिंगच्या पाण्याच्या भांडणात तोंड घातलं, बायकोला स्वयंपाकातल्या चुका दाखवल्या. बायको, म्हणजे सविता, या तिसऱ्या गोष्टीला फार लवकर कंटाळली. त्याच सुमारास कारखान्यातला एक जुना सोबती भेटला. तो डोंबिवलीला राहतो. म्हणाला, आमच्या बिल्डिंगमध्ये मेधा म्हणून एक बाई आहे, ती हाताने मणी बनवते, तिला पॉलिशवाला पाहिजे. मला हसू आलं. पितळेवर केस पांढरे केले आणि आता मणी घासू? सविता म्हणाली, "घासा. घरात बसून डोकं घासण्यापेक्षा बरं."

मेधा चाळिशीच्या आतबाहेरची, माहेर राजापूरकडचं. एका ऑफिसात अकाउंटला होती, ती नोकरी सोडून मणी करायला लागली. बंद केलेली गॅलरी हाच तिचा कारखाना. एका बाजूला ओव्हन, दुसऱ्या बाजूला टेबलावर छोटी बफिंगची मोटार, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. मोटार बघून मला बरं वाटलं. बाकी सगळं खेळण्यासारखं दिसत होतं.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावं म्हणून थोडं सांगतो. मण्यांसाठी जी वस्तू वापरतात तिला पॉलिमर क्ले म्हणतात. नावात क्ले आहे पण ती माती नाही, एक प्रकारचं मऊ प्लास्टिक आहे. आम्ही आपले मातीच म्हणतो. कणकेसारखी मळायची, रंगात रंग घालायचे, मणी वळायचे आणि घरच्या ओव्हनमध्ये मंद भाजायचे. भाजलेला मणी कडक होतो, पण अंगाने ओबडधोबड असतो. कुठे हाताचा ठसा, कुठे चिकटलेला धागा, कुठे उंचवटा. तिथून पुढे माझं काम.

मणी स्वेटरच्या सुईवर घालायचा. टोपात कोमट पाणी घ्यायचं, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकायचा आणि पाण्यातच पॉलिश पेपरने घासायचं. कोरडं घासलं तर भुकटी उडते आणि नाकात जाते. नळांच्या कारखान्यात मी नाकात इतकं काही साठवलंय की आता प्लास्टिकला तिथे जागा नाही. पेपरला नंबर असतात. नंबर लहान तेवढा पेपर खरखरीत. चारशेने सुरुवात करायची, मग सहाशे, आठशे, हजार असं चढत दोन हजारापर्यंत जायचं. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे त्याहून बारीक पाडतो. लोकांना वाटतं, शेवटी चाकावर धरलं की सगळं झाकून जातं. उलट आहे. चाकावर मणी चमकला की आत राहिलेला ओरखडा चारचौघांत उठून दिसतो.

पितळ माफ करतं, ही माती करत नाही. पहिल्या दिवशी मी मणी नळासारखा दाबून धरला. तो तापला, ओघळला आणि डिंकासारखा चाकाला चिकटला. दुसरा हातातून सुटला आणि खिडकीतून खाली गेला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी साबुदाण्याचे पापड वाळत घातले होते, त्यात तो त्यांना मिळाला. त्यांनी तो तळायच्या आधी ओळखला हे त्यांचे उपकार. मेधाने चाकामागे एक जुना टॉवेल टांगून ठेवला. तो अजून तिथे आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. कल्याणचा एक तरुण दुकानदार आलेला, त्याला मणी चमकायला नको होते. "काका, एवढं पॉलिश मत मारो ना. शाइन आली की प्लास्टिक वाटतं. जरा जुनं वाटलं पाहिजे, विंटेज." म्हणून सहाशे नंबरला थांबलो. तो खूश होऊन घेऊन गेला. मला मात्र एखाद्याला अर्धी दाढी करून बाहेर पाठवल्यासारखं वाटत राहिलं. एक बाई क्लासमध्ये शिकून स्वतःच मणी करायच्या आणि फक्त पॉलिशला आणून द्यायच्या. मणी आतून कच्चे असायचे. कच्च्या मण्याला कितीही घासा, तो चमकत नाही, मेणासारखा राहतो. मी सांगितलं, ताई, ओव्हनमध्ये थोडं जास्त वेळ ठेवा. त्या म्हणाल्या, आमचा ओव्हन इम्पोर्टेड आहे.

आता मुद्द्यावर येतो. ओरखडा राहिलाय की नाही हे चाकावर धरायच्या आधी कळायला हवं आणि माझी बोटं तर बाद झालेली. डोळ्यांनी कळत नाही, कारण ओला मणी नेहमीच छान दिसतो. कारखान्यात आमचे उस्ताद नळ गालावर फिरवून बघायचे. माझ्या गालावर सकाळच्या दाढीचे खुंट दुपारी वर येतात, त्यामुळे गाल खोटं सांगतो. ओठ खोटं सांगत नाही. खालच्या ओठावरून मणी हळूच फिरवला की केसाएवढी रेघ असली तरी लागते. मला ही सवय कधी लागली ते सांगता येणार नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मेधा हसली होती, नंतर तिचं तिकडे लक्षही जायचं नाही. शेवटी सगळे मणी साबणाने धुऊनच बाहेर पडायचे.

मग देवीच्या हाराचं काम आलं. टेंभी नाक्याच्या मोठ्या देवीचं नव्हे, तिथून दोन गल्ल्या पलीकडच्या एका छोट्या मंडळाच्या देवीचं. मंडळ छोटं, पण मूर्ती चांगली उंच. आदल्या वर्षी कोणीतरी हौसेने काचेच्या आणि धातूच्या मण्यांचा हार दिला होता. तो इतका जड झाला की मागून तारेने बांधावा लागला आणि अष्टमीला मूर्तीच्या मानेवर चीर दिसली. नाकापेक्षा मोती जड, असा प्रकार. म्हणून यंदा हलके मणी हवे होते. मेधाने डोकं चालवलं. आत पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियमच्या कागदाचा घट्ट गोळा, वरून मातीचा पातळ थर. लिंबाएवढे मणी, काही पोवळ्यासारखे लाल, काही हस्तिदंतासारखे. हस्तिदंताचा रंग साधायला पांढऱ्या आणि अर्धपारदर्शक मातीचे पापुद्रे एकावर एक रचावे लागतात, आणि ती माती तिने होती नव्हती तेवढी संपवली. हारात मधोमध एक मोठा हस्तिदंती मणी होता, जवळजवळ मोसंबीएवढा. तो मी हातात घेतला आणि मनात म्हटलं, बाई, तू खरंच कलाकार आहेस.

मंडळात देवीच्या साड्या आणि दागिने सुलभाकाकूंकडे. आधी त्यांच्या सासूबाई बघायच्या, मग त्या. सडपातळ, पांढरे केस, बोलणं सावकाश आणि पुस्तकी. साडीच्या काठाचा तुकडा घेऊन त्या रंग जुळवायला डोंबिवलीला आल्या, तेव्हा मी गॅलरीत हजार नंबरवर होतो. पाण्यातून मणी काढला, झटकला, ओठावर फिरवला. वर बघितलं तर त्या दारात उभ्या.

"तुम्ही तो मणी ओठाला लावलात?"

"हो."

"कशासाठी?"

"ओरखडा बघायला, ताई. बोटांना कळत नाही माझ्या."

"आणि हे सगळे असेच बघितलेत?"

मी ताटातल्या मण्यांकडे बघितलं. "सगळेच."

त्यांनी आवाज चढवला नाही. मेधाकडे वळून म्हणाल्या, "अगं, हे उष्टे झाले."

"काकू, साबणाने धुतो ना आपण नंतर," मेधा म्हणाली. "उष्टं कसलं त्यात."

"साबणाने मळ जातो, मेधा. उष्टं जात नाही."

"देव भावाचा भुकेला असतो म्हणतात ना."

"म्हणतात. पण म्हणून नैवेद्याची चव आपण आधी घेत नाही."

सुलभाकाकूंनी झालेले मणी डब्यात भरून मागितले. म्हणाल्या, माझ्यावर सोपवा, मी शुद्ध करून घेते. जाताना मला म्हणाल्या, "राग मानू नका हं, भाऊ." मी मान हलवली.

राग आला होता. उष्टं हा शब्द आमच्या घरात जरा जास्त जोरात ऐकू येतो. माझ्या आजीने गावात दुसऱ्यांच्या ओसरीखाली उभं राहून ओंजळीने पाणी प्यायलं आहे, वरून ओतलेलं. ते मी पाहिलं नाही, पण ऐकून ऐकून पाहिल्यासारखंच झालंय. आमच्या घरात देव नाहीत. भिंतीवर दोन फोटो आहेत, ते कोणाचे हे सांगायला नको. घरी जाऊन सविताला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं.

"आपण त्या देवीला मानत नाही ना?" ती म्हणाली. "मग तिला उष्टं झालं काय आणि नाही काय. तुम्ही काम केलं, विषय संपला."

"काम परत गेलं ना."

"तुम्हाला मण्यांचं वाईट वाटतंय की तुमचं?"

मी टीव्ही लावला. नंतर अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. सुलभाकाकूंना माझं आडनाव माहीत नव्हतं. मेधा मला नुसतं काका म्हणते. म्हणजे त्यांचा आक्षेप ओठालाच होता, कोणाच्याही ओठाला असता. हे पटायला हवं होतं. डोक्याला पटलं, पण राग काही खाली उतरला नाही.

दोन दिवसांनी मेधाचा फोन आला. आवाज रडवेला. "काका, तुम्ही लगेच या. हळद लागलीय."

सुलभाकाकूंनी शुद्ध करायला मणी गोमूत्र शिंपडून हळदीच्या पाण्यात घातले होते आणि तसेच रात्रभर राहू दिले. कोणाच्याही घरात शुद्धीला हळद लागतेच, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ही माती हळद पिते. लाल मण्यांना काही झालं नाही. हस्तिदंती मणी मात्र कावीळ झाल्यासारखे पिवळे पडले होते, तेही सारखे नाही, ठिपक्याठिपक्यांनी. घाबरून त्यांनी ते लिंबाने चोळले, साबणात उकळले, उन्हात ठेवले. कपड्यावरची हळद उन्हाने उडते, इथे ती आत मुरली होती. चोळून चोळून पॉलिशही गेलं. बुडत्याचा पाय खोलात.

मी पोचलो तेव्हा त्या गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या, डबा मांडीवर. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. हस्तिदंताची माती बाजारात नाही, मागवली तर आठवडा. मेधा म्हणाली, नुसत्या लाल मण्यांचा हार होणार नाही, देवीच्या छातीपर्यंतही पोचणार नाही. जुना हार घालावा तर मानेवरची चीर डोळ्यांसमोर. सुलभाकाकू एकदाच बोलल्या. "सासूबाईंच्या वेळेपासून देवी मोकळ्या गळ्याने कधी बसली नाही."

मी एक मणी घेऊन पाण्यात घासून बघितला. हळद वरच्या थरातच होती. चारशेचा हात फिरवला की निघत होती. पण मातीचा थर मुळात पातळ, आणि तो एकदा घासून झालेला. थोडा हात जास्त पडला की आतला अॅल्युमिनियमचा कागद डोकावणार. म्हणजे डाग जाईल तिथेच थांबायचं, पुढचे नंबर फक्त टेकवायचे आणि ओरखडा गेला की लगेच सोडायचं. मी हे सांगितलं. ओरखडा गेला हे मला कसं कळणार, ते दोघींनाही माहीत होतं.

"ओठाला लावायचं नाही," सुलभाकाकू म्हणाल्या. विनवणी होती, हुकूम नव्हता.

"मग मी हे काम करू शकत नाही, ताई. आंधळ्याने सुईत दोरा ओवायचा झाला तो."

मेधा हार ओवायला बसणार होती, शिवाय गाठी मारून तिची बोटं आधीच सोललेली, म्हणून तिलाही पारखता येणार नव्हतं. मग सुलभाकाकूंनी डबा खाली ठेवला, खुर्ची माझ्या बाजूला ओढली आणि म्हणाल्या, "मी बघते. गालाने चालेल ना? गाल उष्टा नसतो."

त्यांच्या गालावर खुंट नव्हते. मी म्हटलं, चालेल.

आधी त्यांना दोन मणी दिले, एक सहाशेवरचा आणि एक दोन हजारावरचा. डोळे मिटा म्हटलं. त्यांनी दोन्ही गालावर फिरवले आणि अचूक सांगितलं. मग एकसारख्या दिसणाऱ्या दोन मण्यांतला जास्त गुळगुळीत कोणता ते विचारलं, तेही सांगितलं. मला बरं वाटलं. कोणाला काही शिकवावं आणि ते पटकन यावं, असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. आमच्या उस्तादांना माझ्याबद्दल असं वाटलं असेल की नाही, शंका आहे.

काम सुरू झालं. मी घासायचो, झटकायचो, त्यांच्या हातात द्यायचो. त्या पदराने पुसून गालाला लावायच्या आणि "अजून" किंवा "झालं" म्हणायच्या. पुढच्या खोलीतून मेधा दोऱ्याचं मोजमाप विचारायची. हळूहळू बोलणं निघालं. त्यांनी देवीच्या जुन्या दागिन्यांचं सांगितलं, सासूबाई दरवर्षी नथ स्वतः दुधाने धुवायच्या, सुनेला हात लावू द्यायच्या नाहीत. मी नळांचं सांगितलं. एकदा आमच्याकडून एका मोठ्या हॉटेलात नळ गेले आणि तिथल्या मॅनेजरने परत पाठवले, कारण त्यात त्याला स्वतःचं तोंड वाकडं दिसत होतं. त्या हसल्या. हसताना त्यांनी मणी गालाला धरलेलाच होता.

मग त्यांनी विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात?"

"म्हणालो नव्हतो. कांबळे."

"हं," त्या म्हणाल्या. जरा थांबून, "राहायला कुठे?"

"आंबिवलीला."

मी पुढचा मणी दिला. त्यांनी पदराचं टोक घेतलं, तो पुसला, नीट पुसला आणि गालाला लावला. "अजून," म्हणाल्या. मी तो पुन्हा पाण्यात घेतला. आणि मग मला दुसरं काही सुचेना. आधी त्या इतकंच पुसत होत्या का? मणी ओला असतो, कोणीही पुसेल. पण आडनाव सांगायच्या आधी त्या एकदाच पुसत होत्या की दोनदा, ते मला आठवेना. मी आठवायचा प्रयत्न करत घासत राहिलो. साठी उलटलेल्या माणसाने अशा गोष्टीत मन घालू नये, हे मला कळतं. तरी घातलं. त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, आणि काही दिसलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

दुपार चढली. भाद्रपदातलं ऊन काचेच्या खिडकीतून थेट आत येतं, आणि पंखा लावला तर ओव्हनपाशी ठेवलेली रंगाची भुकटी उडते म्हणून पंखा बंद. सुलभाकाकूंच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. त्या "अजून, अजून" म्हणू लागल्या. मी घासायचो, त्या लावून बघायच्या, "अजून". मला शंका आली. सुरुवातीला एवढ्या वेळा कधी म्हणाल्या नव्हत्या. पण देखरेख त्यांची, म्हणून घासत राहिलो. हस्तिदंती मणी एक एक करून संपत आले होते. मग एका मण्यावर टाचणीच्या डोक्याएवढा चंदेरी ठिपका चमकला. कागद वर आला होता.

मी मणी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितला आणि त्यांचा हात खाली आला.

"माझ्यामुळे गेला," त्या म्हणाल्या.

"घाम आहे गालावर," मी म्हटलं. "घामावर मणी अडकतो. गुळगुळीत असला तरी खरखरीत लागतो. मघाशीच सांगायला हवं होतं."

"मग आधीचे?"

"आधीचे बरोबर आहेत. हा मागे हुकापाशी लावू, देवीच्या केसांखाली जाईल."

मेधा आली, ठिपका बघितला आणि मणी घेऊन गेली. सुलभाकाकूंनी तोंड धुतलं, टॉवेलने गाल कोरडा केला, परत येऊन बसल्या. थोड्या वेळाने गाल पुन्हा ओला झाला. तोवर ताटात एकच हस्तिदंती मणी उरला होता, मधला, मोसंबीएवढा. बाकीचे राहिले होते ते लाल, ते नुसते एकदा बघून घ्यायचे होते.

हा मोठा मणी मी सगळ्यांत जपून घासला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. डाग गेला, तिथून पुढे अगदी पेपर टेकवत वर गेलो. पाण्यातून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डाव्या गालाला लावला, मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. टॉवेल घेतला, गाल पुसला, पुन्हा लावला.

"कळत नाहीये," त्या म्हणाल्या.

घासा म्हणाल्या तर कागद वर यायची भीती, थांबा म्हणाल्या तर चाकावर ओरखडा उठून दिसायची. देवीच्या छातीवर मधोमध बसणारा मणी, पहिल्यांदा नजर जाणार ती त्याच्यावर. माझा खालचा ओठ शिवशिवत होता, हे खोटं नाही. मी हात टोपात बुडवून ठेवले.

सुलभाकाकूंनी मणी दोन्ही हातांत धरला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग वर नेला आणि खालच्या ओठावरून फिरवला. एका बाजूने, मग दुसऱ्या. डोळे मिटलेले होते.

"इथे आहे," त्या म्हणाल्या आणि नखाने जागा दाखवली. "बारीक रेघ. भोकापासून वर."

मी पेपर घेतला, फक्त त्या जागेवर दोन हजारचा हात फिरवला आणि मणी परत दिला. त्यांनी तो पुसलाही नाही, पाण्यासकट ओठाला लावला.

"गेली."

पुढच्या खोलीत मेधाच्या कात्रीचा आवाज थांबला होता. ती दारात येऊन उभी होती, त्या दिवशी सुलभाकाकू उभ्या होत्या तिथेच. मला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. त्यांना सुटायला वाट द्यावी, मेधा हा मणी वेगळा धुऊन घेईल असं काहीतरी.

"ताई," मी म्हटलं, "हा आता..."

"देवीच्या गळ्यात ओरखडा नको," सुलभाकाकू म्हणाल्या. मणी त्यांनी ताटात बाकीच्या मण्यांमध्ये ठेवला आणि हात पुढे केला. "लाल द्या, कांबळे."